उभ्या गाडीचा वारा

मे महिना आला की आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर गाड्यांचे प्रश्न सुरू होतात. 'चावी काढून घरात आलो तरी बॉनेटखाली काहीतरी घरघरतंय, बॅटरी उतरेल का?' 'एसी लावला की पुढून विमानासारखा आवाज येतो, नॉर्मल आहे ना?' 'सिग्नलला काटा वर जातो, हायवेला आपोआप खाली येतो, हे काय प्रकरण?' घरात बीई झालेला मी एकटाच, त्यामुळे हे सगळं माझ्या वाट्याला येतं. मी सॉफ्टवेअरवाला आहे, स्पॅनर हातात घेण्याचा माझा धंदा नाही, हे कुणी मनावर घेत नाही. आमची आजी तर म्हणायची, इंजिनिअर म्हणजे इंजिनचाच की! तिच्या समाधानासाठी सांगतो, बीईच्या पहिल्या वर्षी कॉम्प्युटरवाल्यांनाही मेकॅनिकलचा एक पेपर असतो. तेव्हा रट्टा मारून सुटलेला तो विषय मी पुढे गाडी घेतल्यावर आवडीने वाचला.

वरचे तिन्ही प्रश्न एकाच वस्तूचे आहेत. रेडिएटरच्या पाठीमागे बसवलेला पंखा. गाडीत रोज बसणाऱ्या माणसांपैकी फार थोड्यांनी तो पाहिलेला असतो. त्याच्याबद्दल एक गोष्ट कळली की बाकीचं बरंच उलगडत जातं. हा पंखा मुख्यतः पळणाऱ्या गाडीसाठी नसतो, उभ्या आणि रांगत जाणाऱ्या गाडीसाठी असतो.

आधी उष्णतेचा हिशेब करू. पेट्रोल इंजिनात टाकलेल्या इंधनाची ऊर्जा ढोबळमानाने तीन वाट्यांत जाते. एक वाटा कामाला येतो, एक धुराबरोबर सायलेन्सरमधून बाहेर पडतो आणि एक इंजिनाच्या धातूत शिरतो. सिलिंडरच्या आत जळणाऱ्या वायूचं तापमान क्षणभर २,००० अंश सेल्सिअसच्या वर जातं. आतला पिस्टन अ‍ॅल्युमिनियमचा, आणि अ‍ॅल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं. तरीही तो वितळत नाही, कारण जाळ क्षणभराचाच असतो आणि सिलिंडरच्या भोवतीने कूलंट सतत फिरत ती उष्णता उचलून नेत असतं.

हेच आकडे घरगुती मापात आणतो. एसी बंद ठेवून नुसती चालू उभी असलेली छोटी पेट्रोल गाडी तासाला साधारण पाऊण लिटर पेट्रोल पिते. त्याचा तिसरा हिस्सा कूलंटमध्ये गेला तर ती उष्णता भरते सुमारे २ किलोवॅट, म्हणजे आपल्या न्हाणीघरातला एक गीझर. तीच गाडी पाच माणसं आणि डिकीभर सामान घेऊन घाट चढायला लागली की असे दहा गीझर एकदम चालू झाले म्हणायचे. आणि हे सगळं ज्यात साठवायचं ते कूलंट असतं चार-पाच लिटर. पाच लिटर पाण्याला एक गीझर दर दहा सेकंदांनी एक अंश तापवतो. इंजिनाचा धातूही थोडी उष्णता पितो, त्यामुळे प्रत्यक्षात वेग कमी पडतो. पण वारा नसेल तर ९० अंशांवरून ११० वर जायला नुसत्या उभ्या गाडीलाही काही मिनिटं पुरतात.

गाडी ताशी ६० किलोमीटरने धावत असली की समोरून सेकंदाला जवळजवळ १७ मीटर वेगाचा वारा रेडिएटरवर फुकट आदळतो. तेव्हा पंख्याची गरजच पडत नाही. ब्रेक मारून उभे राहिलो की वारा शून्य होतो, गीझर मात्र चालूच राहतो. पंख्याचा जन्म या फरकातून झाला आहे.

पंखा नसलेलं इंजिनही मी लहानपणी पाहिलंय. खानापूर तालुक्यात आमच्या आजोळी पिठाची गिरणी ऑइल इंजिनावर चालायची. इंजिनाशेजारी सिमेंटची टाकी आणि तिला दोन पाइप. गरम झालेलं पाणी हलकं होऊन वरच्या पाइपने टाकीत चढायचं, गार पाणी खालच्या पाइपने इंजिनात उतरायचं. पंप नाही, पंखा नाही, इलेक्ट्रिकचं काही नाही. थंडीत दळण घेऊन आलेल्या बायका त्या टाकीच्या भिंतीला हात शेकत उभ्या राहायच्या. जागा भरपूर असेल आणि इंजिन एका जागी बसून राहणार असेल तर ही व्यवस्था उत्तम. गाडीत मात्र एवढी टाकी नेता येत नाही. म्हणून थोडं पाणी, पातळ नळ्यांचा रेडिएटर आणि त्यावर वारा.

दुचाक्यांतही हाच विचार दिसतो. जुन्या मोटरसायकलचं इंजिन उघडं असतं, त्याला धातूच्या पट्ट्या असतात आणि वारा त्यांवरून जातो. बजाज चेतकचं इंजिन मात्र बाजूच्या फुगीर पत्र्याखाली झाकलेलं, तिथे वारा पोचणार कसा? म्हणून तिच्या फ्लायव्हीललाच पंख्याची पाती होती. इंजिन फिरलं की पंखा फिरायचा आणि आवरणातून हवा सिलिंडरवर ढकलायचा. आजच्या अ‍ॅक्टिव्हातही तीच युक्ती आहे. वडिलांच्या चेतकवर मागे बसून शाळेत गेलेल्या माझ्या पिढीने त्या पंख्याचा आवाज रोज ऐकला आहे, फक्त तो पंख्याचा आहे हे ठाऊक नव्हतं.

जुन्या मोटारींत आणि जीपमध्येही पंखा इंजिनालाच जोडलेला असायचा. अ‍ॅम्बॅसॅडर घ्या, प्रीमियर पद्मिनी घ्या. इंजिन गाडीच्या लांबीच्या दिशेने बसवलेलं, त्याचं तोंड रेडिएटरकडे, मध्ये पाण्याच्या पंपावर पंखा आणि त्याला फिरवणारा पट्टा. या रचनेची गोची अशी की जेव्हा वाऱ्याची गरज सगळ्यात जास्त, म्हणजे गाडी उभी असताना, तेव्हा इंजिन सगळ्यात हळू फिरत असतं, म्हणून पंखाही मंद. आणि हायवेवर, जिथे वारा फुकट मिळतोय, तिथे पंखा जिवाच्या आकांताने फिरणार. पंख्याचं एक गणित लक्षात ठेवण्यासारखं आहे. त्याचा वेग दुप्पट केला की त्याला लागणारी ताकद आठपट होते. म्हणजे नको तिथे जोरात फिरणारा पंखा नुसता आवाज करत नाही, पेट्रोलही खातो. उन्हाळ्यात घाटाच्या निम्म्यावर बॉनेट उघडून थांबलेल्या गाड्यांची रांग ज्यांनी पाहिली आहे, त्यांना या रचनेची दुसरी बाजूही माहीत असेल.

ट्रक-बसवाल्यांनी यावर छान तोडगा काढला. पट्टा आणि पंखा यांच्यामध्ये एक क्लच बसवला, त्यात घट्टसर सिलिकॉन तेल. पुढच्या बाजूला दोन धातूंची एक गुंडाळलेली पट्टी असते. रेडिएटरमधून येणारी हवा गरम झाली की ती पट्टी वळते, आतली झडप उघडते, तेल सरकतं आणि पंखा इंजिनाबरोबर घट्ट फिरू लागतो. हवा गार झाली की पकड सुटते. कुठे वायर नाही, सेन्सर नाही. पुढच्या वेळी चोर्ल्याच्या किंवा आंबोलीच्या चढावर ट्रकच्या मागे अडकलात तर कान द्या. सरळ चाललेला ट्रक एकाएकी घोंघावू लागतो, त्या आवाजात इंजिनाइतकाच पंख्याचाही वाटा असतो.

आपल्याकडे घराघरांतल्या गाड्यांचा पंखा बदलला तो मारुतीमुळे. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० रस्त्यावर आली. पुढची चाकं फिरवणारी गाडी, म्हणून इंजिन आडवं बसवलेलं. आता इंजिनाचं तोंड झालं चाकाकडे आणि रेडिएटर राहिला नाकाकडे. पट्टा काटकोनात वळवून पंखा फिरवणं कटकटीचं, त्यापेक्षा रेडिएटरच्या मागे विजेची मोटर बसवून टाकणं सोपं. जागेच्या अडचणीतून निवडलेल्या या मार्गाने मोठी सोय झाली, पंख्याची इंजिनापासून फारकत झाली. इंजिन कितीही हळू फिरत असो, पंखा पूर्ण वेगाने फिरू शकतो, आणि गरज नसेल तेव्हा गप्प बसू शकतो.

हा पंखा दिसायला लहान पण दमदार. आपला छताचा जुना पंखा ७५ वॅटचा असतो, हा १५० ते ४०० वॅटचा. बॅटरी १२ व्होल्टची, म्हणजे ३०० वॅटला २५ अँपिअर करंट. म्हणून त्याला स्वतःचा फ्यूज आणि स्वतःचा रिले लागतो. त्याच्याभोवती प्लॅस्टिकचं एक कवच असतं, श्राउड म्हणतात त्याला. ते नसेल तर पंखा आजूबाजूचीच हवा घुसळत बसतो आणि रेडिएटरचे कोपरे कोरडे राहतात. अपघातानंतर डेंटिंग करताना ते तुटलं म्हणून काढून टाकणारे कारागीर मी पाहिलेत, त्यांच्याकडून ते मागून परत बसवून घ्यावं. आणखी एक गंमत. अनेक गाड्यांत पंख्याच्या पात्यांमधलं अंतर मुद्दाम कमीजास्त ठेवलेलं असतं. सारखं ठेवलं तर एकाच सुरात किंकाळी निघते, असमान ठेवलं की तोच आवाज वेगवेगळ्या सुरांत वाटला जातो आणि कानाला कमी टोचतो.

आता माझ्या प्रांतातलं. हा पंखा कधी लावायचा हे आजच्या गाडीत सॉफ्टवेअर ठरवतं. कूलंटमध्ये बुडवलेला एक सेन्सर असतो. तापमान वाढलं की त्याचा विद्युत्‌रोध कमी होतो आणि त्यावरून गाडीचा कॉम्प्युटर अंश काढतो. नियम साधा वाटतो, तापलं की लाव, निवलं की बंद कर. पण ९५ ला लाव आणि ९५ लाच बंद कर असा प्रोग्रॅम लिहिलात तर ९४.९ आणि ९५.१ च्या दरम्यान रिले टकटक टकटक करत दोन दिवसांत मरेल. म्हणून चालू करण्याचा आणि बंद करण्याचा आकडा वेगळा ठेवतात. समजा ९८ ला चालू, ९३ ला बंद. आकडे गाडीगणिक बदलतात, पण मधली फट सगळीकडे असते. आपला फ्रीजही असाच चालतो.

याहून मला आवडलेली गोष्ट म्हणजे या प्रोग्रॅमचा संशयी स्वभाव. सेन्सरची वायर तुटली तर रोध अफाट वाढतो आणि कॉम्प्युटरला दिसतं की कूलंट उणे ४० अंशांवर आहे. भोळा प्रोग्रॅम म्हणेल, व्वा, काय गार आहे, पंखा कशाला? चांगला प्रोग्रॅम म्हणतो की आंबोलीत उणे ४० होणं शक्य नाही, सेन्सर गेला असणार. आणि खरं तापमान कळत नाही तर धोका नको म्हणून तो पंखा सतत चालू ठेवतो, सोबत डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लावतो. म्हणून गार गाडी सुरू करताच पंखा जोरात फिरायला लागला आणि पिवळा दिवाही दिसला, तर पंख्याला नावं ठेवू नका. सेन्सर तपासायला सांगा.

गेल्या दहा-बारा वर्षांतल्या बहुतेक गाड्यांत स्टिअरिंगखाली एक सॉकेट असतं. त्यात ब्लूटूथचं छोटं यंत्र खोचलं की हे तापमान मोबाइलवर वाचता येतं. टिळकवाडीच्या दुसऱ्या रेल्वे गेटला गाडी अडकली की मी तेच बघत बसतो. ९१, ९३, ९५, ९७, मग पुढून घर्र आवाज, आणि मिनिटाभरात परत ९३. गेट उघडेपर्यंत हा खेळ दोन-तीनदा होतो. डॅशबोर्डवरचा काटा या सगळ्या वेळात ढिम्म हलत नाही.

काट्याचा हा शांतपणा बहुतेक गाड्यांत मुद्दाम लिहिलेला असतो. साधारण ७५ ते १०५ अंशांच्या पट्ट्यात काटा मधोमध धरून ठेवतात. खरा आकडा दाखवला असता तर प्रत्येक सिग्नलला काटा हलला असता आणि प्रत्येक मालकाने सर्व्हिस सेंटरला फोन केला असता. म्हणजे काटा मधून सरकायला लागलाय हे दिसतं तेव्हा बराच उशीर झालेला असतो. बऱ्याच नव्या छोट्या गाड्यांत तर काटाच काढून टाकलाय. इंजिन गार असताना निळा दिवा, फार तापल्यावर लाल, मधल्या काळात काहीच नाही. मला हे पटत नाही. दोन-चार लोक घाबरले असते तर चाललं असतं.

एसीचा प्रश्न सोपा आहे. रेडिएटरच्या पुढे तशीच दिसणारी दुसरी जाळी असते, तो एसीचा कंडेन्सर. गाडीच्या आतली उष्णता तिथून बाहेर टाकली जाते आणि त्यालाही वारा लागतोच. त्यामुळे एसी लावला की इंजिन गार असलं तरी पंखा फिरतो. एसी सिग्नलला गार हवा देत नाही पण गाडी पळाली की मस्त देतो, अशी तक्रार असेल तर गॅस भरायच्या आधी पंखा बघून घ्या.

आणि ग्रुपवरचा तो पहिला प्रश्न, गाडी बंद केल्यावर फिरणारा पंखा. इंजिन बंद झालं की पाण्याचा पंप थांबतो, पण धातूत साठलेली उष्णता कुठे जात नाही. ती आहे त्या जागच्या कूलंटमध्ये उतरते, म्हणून बंद केल्यावर दोन-चार मिनिटं तापमान उलट वाढतं. काही गाड्यांत त्यासाठी पंखा थोडा वेळ चालू ठेवतात. २० अँपिअरने पाच मिनिटं चालला तर दीड-पावणेदोन अँपिअर-तास खर्च होतात. छोट्या गाडीची बॅटरी ३५-४० ची असते, चिंता नको. पंधरा-वीस मिनिटं झाली तरी थांबत नसेल तर रिले चिकटला असेल, तो मात्र बदलून घ्या. आणि एक कळकळीने सांगतो. चावी खिशात आहे म्हणून पंखा फिरणार नाही असं समजू नका. गरम गाडीचं बॉनेट उघडल्यावर तिथे हात, ओढणी, पदर, मोबाइल काही नेऊ नका. लहान मुलांना तर लांबच ठेवा.

आता मामांच्या गाडीचं सांगतो. त्यांच्या हॅचबॅकचा रिले दोन वर्षांपूर्वी गेला. जवळच्या एका गॅरेजवाल्याने नवा रिले शोधण्याऐवजी सांगितलं, 'फॅन डायरेक्ट करून देतो, टेन्शनच नको.' म्हणजे कॉम्प्युटरला बाजूला ठेवून पंखा थेट इग्निशनला जोडला. चावी फिरवली की पंखा चालू, बंद केली की बंद. शंभर रुपयांत काम झालं म्हणून मामा खूश. आपल्याकडे हा उद्योग इतका सर्रास चालतो की त्याला कुणी दुरुस्ती म्हणायलाही लाजत नाही. पण दिवसातून तासभर फिरायच्या मोटरला तिप्पट-चौपट फिरवलं की तिचे कार्बन ब्रश त्याच हिशेबाने झिजतात. वर, ती मोटर बंद पडली तर कळायला मार्ग नाही.

गेल्या वर्षी मे महिन्यात गोव्याहून परत येताना मामा गाडी चालवत होते, मी शेजारी, मागे मामी आणि दोन भाच्या. केरी सोडून चोर्ला घाट चढायला लागलो. निम्म्याहून वर आल्यावर पुढे कुठे तरी ट्रक बंद पडला होता आणि गाड्या मुंगीच्या पावलांनी चालल्या होत्या. एसी गरम हवा टाकायला लागला. मामी म्हणाली, गॅस संपला असेल. एवढ्यात मामा म्हणाले, "अरे, काटा वर जाऊलाय की रे!"

"मामा, एसी बंद करा, काचा खाली घ्या आणि हीटर फुल्ल लावा," मी म्हणालो.

"ह्या उन्हात हीटर? डोकं फिरलंय काय तुझं?"

हीटर म्हणजे डॅशबोर्डमागे दडवलेला छोटा रेडिएटर, त्याला स्वतःचा पंखा असतो. इंजिनाची उष्णता काढायला पुढचा मोठा हात निकामी झाला तर हा छोटा हात शिल्लक राहतो. सगळे घामाने निथळलो, भाच्या रडकुंडीला आल्या, पण काटा लाल पट्टीच्या अलीकडे थांबला. कडेला रुंद जागा मिळाली तिथे गाडी घेतली. इंजिन चालू असतानाच लांबून जाळीतून वाकून पाहिलं. पंखा निपचित. मग इंजिन बंद केलं. हे लिहितोय ते काटा लाल पट्टीत पोचला नव्हता म्हणून. लाल दिवा लागला असेल किंवा वाफ दिसत असेल तर इंजिन ताबडतोब बंदच करायचं, बघत बसायचं नाही.

मामा बॉनेट उघडून ओला टॉवेल घेऊन रेडिएटरच्या झाकणाकडे निघाले. त्यांच्या जीपच्या काळची सवय. मी त्यांचा हात धरला. ते झाकण म्हणजे कुकरचं झाकण आहे. आत साधारण एक बार जास्तीचा दाब असतो, त्यामुळे कूलंट १२० अंशांच्या आसपास जाईपर्यंत उकळत नाही, घरच्या कुकरमध्ये होतं तेच. झाकण सैल केलं की दाब जातो आणि ११० अंशांचं पाणी क्षणात वाफ होऊन तोंडावर उडतं. शिट्टी न काढता कुकर उघडायला मामी त्यांना कधी देत नाही, हे सांगितल्यावर ते मागे सरले. गरम इंजिनावर बाटलीतलं गार पाणी ओतायचा शेजारच्या गाडीवाल्याचा सल्लाही आम्ही आभार मानून नाकारला. त्याने धातूला तडा जाऊ शकतो.

मी एवढा का घाबरलो होतो, तेही सांगतो. बेळगाव फाउंड्रींचं गाव, उद्यमबागेत ज्यांच्या घरचं कुणी काम करतं त्यांना हे सांगायची गरज नाही. सारख्याच उष्णतेत अ‍ॅल्युमिनियम बिडापेक्षा जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं. अनेक गाड्यांत इंजिनाचा ब्लॉक बिडाचा आणि वरचं हेड अ‍ॅल्युमिनियमचं असतं, मध्ये पातळ गॅस्केट. प्रमाणाबाहेर तापलं की हेड वाकतं, गॅस्केट फाटतं, कूलंट सिलिंडरमध्ये आणि तेलात शिरतं. मग हेड उतरवणं, घासून सपाट करणं, आणि बिल पाच आकडी. त्याहून पुढे गेलं तर इंजिन जाम.

चाळीस मिनिटं थांबलो. रेडिएटरची वरची नळी हाताला सोसेल इतकी गार झाली. कूलंटच्या पारदर्शक डब्यात पातळी खुणांच्या मध्ये होती, म्हणजे काही गळलं नव्हतं. तोपर्यंत रस्ता मोकळा झाला होता. मामा म्हणाले, आता क्रेन बोलवायची काय? मी म्हणालो, पंखा गेलाय, वारा नाही गेला. घाटाचा उरलेला चढ एसी बंद ठेवून सावकाश, माझा मोबाइल सॉकेटच्या यंत्राला जोडून, तापमान बघत चढलो. कणकुंबीपासून जांबोटीपर्यंत ताशी ५० च्या आसपास एका लयीत गाडी चालवली, आकडा ९० च्या घरात स्थिर. बेळगावात शिरल्यावर प्रत्येक सिग्नलला इंजिन बंद केलं. मेलेल्या पंख्यानिशी घरी पोचलो. दुसऱ्या दिवशी मोटर उघडली तर ब्रश झिजून नाहीसे झालेले. नवी मोटर, नवा रिले, आणि वायरिंग होतं तसं, सगळं मिळून चार हजारांच्या आत बसलं.

यातून निदानाची एक युक्ती हाती लागते, ती कुठल्याही गाडीला लागू पडते. गर्दीत तापते आणि पळायला लागली की निवते, तर संशय पंख्यावर, म्हणजे मोटर, रिले, फ्यूज, सेन्सर. मोकळ्या रस्त्यावर पळतानाही तापत असेल तर पंख्याला सोडा. कूलंट कमी झालंय का, थर्मोस्टॅट अडकलाय का, पंप किंवा पट्टा गेलाय का, रेडिएटर आतून गाळाने किंवा बाहेरून किडे-मातीने भरलाय का, ते पाहा. मेकॅनिककडे जाताना 'गाडी गरम होते' एवढंच सांगू नका, कधी गरम होते ते सांगा. त्याचा अर्धा दिवस आणि तुमचे पैसे वाचतील. आणि 'थर्मोस्टॅट काढून टाकतो' किंवा 'फॅन डायरेक्ट करतो' असं कुणी म्हणालं तर नम्रपणे चावी परत मागा.

इलेक्ट्रिक गाडी घेतलेले भाऊबंद विचारतात, आमची सुटका झाली ना? नाही हो. इंजिन नसलं तरी बॅटरी आणि एसी आहेच. फास्ट चार्जिंगला लावलेल्या गाडीची बॅटरी तापते आणि गाडी तर जागची हलत नाही. म्हणून चार्जरवर उभी असलेली गाडी अचानक घोंघावू लागते. वारा नसलेल्या ठिकाणचं तेच जुनं काम, मालक बदलला इतकंच.

सुट्टीत बाहेर पडायच्या आधी घराच्या अंगणात पाच मिनिटं काढा. गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला, इंजिन चालू, एसी लावलेला. मिनिटभरात पुढून पंख्याचा आवाज यायला हवा आणि जाळीतून पाहिलं तर पाती फिरताना दिसायला हवीत. मग एसी बंद करून गाडी तशीच दहा-पंधरा मिनिटं चालू राहू द्या. इंजिन तापल्यावर पंखा आपला आपण लागायला हवा आणि थोड्या वेळाने आपला आपण थांबायला हवा. एसीबरोबर लागला पण इंजिन तापूनही लागला नाही, किंवा एकदा लागला तो थांबायचं नावच घेत नाही, तर गावातच दाखवून घ्या. कूलंटची पातळी मात्र सकाळी, गाडी गार असताना बघा, आणि ती बाहेरच्या डब्यावर बघा. झाकण न उघडता दिसते.